गाठ दिसेनाशी झाली, मग केमो का थांबवायची नाही?

पत्र असं आहे, थोडं आटोपतं करून देते.

«डॉक्टरताई, आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. माझा मुलगा ४ वर्षांचा. दिवाळीनंतर त्याची लघवी अडायला लागली, कण्हायचा, मग एक दिवस रक्त आलं. तालुक्याला इन्फेक्शन म्हणून दीड महिना औषधं झाली, नंतर मुतखडा म्हणाले. नांदेडला सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीला लागून गाठ दिसली आणि तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला टाटाला पाठवलं. बायोप्सीत ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा नावाचा कॅन्सर निघाला, एम्ब्रायोनल जातीचा. गाठ ६ सेंटिमीटरची. फुप्फुसात, हाडात, लिम्फच्या गाठींमध्ये पसरलेला नाही. तीन केमो झाल्या. आता लघवी मोकळी होते, पोरगं खेळतंय, नव्या एमआरआयमध्ये गाठ जवळजवळ दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, अजून शेक (किरणं) द्यायचा आहे आणि केमो कितीतरी महिने चालेल. बरा होईल का विचारलं तर ७० टक्क्यांच्या आसपास म्हणाले. सासरे म्हणतात, पोर बरं झालंय, आता त्याला कशाला जाळता, तीस टक्के तर जायचाच आहे; शेजारच्या गावच्या वैद्याकडे नेऊ. एक एकर विकायला काढलंय. सासूबाई म्हणतात, मी गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. शेकानं पुढे त्याला मूल होणार नाही, असंही कुणीतरी सांगितलं. नवरा गावी, फोनवर गप्प असतो. मी इथं एकटी. थांबवावं का? — एक आई»

ताई, थांबवू नका.

हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुमची चौथी केमो जवळ आली असणार आणि निर्णय तेवढ्यात होईल. कारणं आता सविस्तर सांगते. तुम्हाला पटावीत म्हणून आणि त्याहून जास्त तुमच्या सासऱ्यांना सांगता यावीत म्हणून.

या आजाराची पोरं बघण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली. उपचार सोडून गेलेल्या मुलांमध्ये मला सगळ्यात जास्त आठवतात ती तिसऱ्या-चौथ्या केमोनंतर गेलेली. पहिल्या केमोला कुणी जात नाही, कारण पोर वेदनेनं तळमळत असतं. मग औषध लागू पडतं, लघवी मोकळी होते, डोळा सुजलेला असेल तर उतरतो, पोर जेवायला लागतं. घरच्यांना वाटतं, झालं. आणि नेमकं तेव्हाच ते उठून जातात. एक मुलगी अशीच गेली होती. आठ महिन्यांनी वडील तिला कडेवर घेऊन परत आले. ती चालू शकत नव्हती. मी त्या वडिलांना दोष देऊ शकले नाही, कारण जाण्याआधी त्यांना बसवून, गाठ दिसत नसताना औषध का चालू ठेवतात, हे आमच्यापैकी कुणीही नीट सांगितलं नव्हतं. मीही नाही. तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर लिहिते आहे ते त्यामुळेच.

आधी हा आजार काय आहे ते. आपले हातपाय हलवणारे जे स्नायू, ते पोटात असताना ज्या कोवळ्या पेशींपासून घडतात, तशा पेशी कुठेतरी वाढ अर्धवट सोडून नुसत्याच वाढत सुटतात. हाडाबाहेरच्या मऊ भागांत होणारे जे कॅन्सर, त्यांत लहान मुलांमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. गंमत वाटेल, पण तो नेहमी स्नायूतच होतो असं नाही. डोळ्याच्या खोबणीत होतो, नाकामागे होतो, लघवीच्या पिशवीत, प्रोस्टेटपाशी, अंडकोषाजवळ होतो, हातापायात होतो. कुठे झाला यावर पुढचं बरंच ठरतं. डोळ्याच्या खोबणीतला असेल तर शंभरातली नव्वदहून जास्त मुलं वाचतात. दूरवर, हाडांमध्ये किंवा बोन मॅरोमध्ये पसरून आला असेल तर शंभरात तीसच्या आसपास किंवा त्याहून कमी. एकाच नावाच्या आजारात इतकं अंतर आहे. म्हणून वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं काय झालं, त्यावरून आपल्या मुलाचं मोजू नका.

तुमच्या लेकराच्या बाजूनं काय काय आहे ते बघा. वय ४; या आजारात १ ते ९ वर्षांची मुलं त्याहून लहान आणि मोठ्या मुलांपेक्षा चांगली निभावतात. जात एम्ब्रायोनल, दुसरी एक अल्व्होलर नावाची जात असते, ती जास्त चिवट. कुठे पसरलेला नाही. आणि पहिल्या तीन केमोला गाठीनं दाद दिली. विरुद्ध बाजूला दोन गोष्टी आहेत: लघवीच्या पिशवीची जागा अवघड गटात मोडते आणि गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी होती. एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्या, की फॉक्सओ-वन नावाच्या जनुकाची तपासणी झाली का आणि ती निगेटिव्ह आली का. हल्ली सूक्ष्मदर्शकाखालच्या जातीपेक्षाही त्या तपासणीवर जास्त भर देतात. एम्ब्रायोनलमध्ये ती सहसा निगेटिव्हच येते, पण कागदावर असलेली बरी.

आता ते सत्तर टक्के.

सासरे म्हणतात त्याप्रमाणे तुमच्या मुलाचा सत्तर टक्के भाग वाचणार आणि तीस टक्के जाणार असं काही नसतं. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात तुमच्या मुलाच्याच जोखमीच्या गटातल्या ४००हून जास्त मुलांना दोन वेगवेगळ्या पद्धतींनी औषधं देऊन तुलना केली होती. चार वर्षांनी दोन्हीकडे शंभरातली ७२-७३ मुलं हयात होती. गाठ मुळीच न उलटता, म्हणजे परत न येता राहिलेली शंभरात साठच्या आसपास. म्हणजे काहींची उलटली, तरी त्यातली काही पुन्हा उपचारांनी हयात होती. त्या गटात चिवट जातीची मुलंही होती. डॉक्टर सत्तर म्हणतात ते अशा मोजणीवरून. तुमचा मुलगा त्या सत्तरातला की तिसातला, हे आज तुमचे डॉक्टर सांगू शकत नाहीत, मी नाही आणि तो वैद्यही नाही.

पण त्या मोजणीतली एक गोष्ट घरी कुणाच्या ध्यानात येत नाही. ती बहुतेक सगळी मुलं ठरलेले उपचार शेवटपर्यंत घेत होती. ७० हा आकडा उपचार पुरे केलेल्या मुलांचा आहे. तिसऱ्या केमोला उठून गेलेल्यांचा आकडा वेगळा असतो आणि तो सत्तरच्या जवळपासही नसतो. सासऱ्यांना वाटतं, थांबलो तरी सत्तर टक्के आपले आहेतच आणि उरलेला त्रास तेवढा वाचेल. तसं नाही. थांबलात की ते सत्तर तुमच्या हातून गेले.

हे आकडे इथवर कसे आले तेही सांगते, कारण शेक आणि केमो दोन्ही कशाला, याचं उत्तर त्यात आहे. साठ वर्षांपूर्वी या आजारावर मुख्य इलाज ऑपरेशनचा होता. लघवीच्या पिशवीत गाठ असेल तर पिशवीच काढून टाकत, पोरगं आयुष्यभर पोटाला लघवीची थैली लावून फिरे. इतकं करूनही फार थोडी मुलं वाचत, कारण गाठ काढली तरी पेशी आधीच रक्तातून इकडेतिकडे गेलेल्या असत. १९७२ साली अमेरिकेत अनेक हॉस्पिटलांनी एकत्र येऊन या एका आजारासाठी अभ्यासगट काढला. ऑपरेशन, केमो, किरणं यांचा मेळ कसा घालायचा हे ते एकेक अभ्यास करून शोधत गेले. पहिल्या अभ्यासात पाच वर्षांनी शंभरातली ५५ मुलं हयात होती, दुसऱ्यात ६३, तिसऱ्यात ७१. हे व्हायला वीस वर्षं लागली.

आणि या काळात औषधं बहुतांशी तीच होती: व्हिन्क्रिस्टीन, अॅक्टिनोमायसिन, सायक्लोफॉस्फमाइड. तुमच्या मुलाच्या फाइलवरही हीच नावं किंवा शेवटच्याऐवजी आयफॉस्फमाइड असेल. मधल्या काळात नवी औषधं घालून पाहिली, टोपोटेकान पाहिलं, इरिनोटेकान पाहिलं. आकडा हलला नाही. सुधारणा झाली ती कुणाला किती द्यायचं, केव्हा द्यायचं, किरणं नेमकी कुठे मारायची हे कळत गेल्यामुळे. त्याच जोरावर आज बहुतेक मुलांची पिशवी वाचते. तुमच्या लेकराची पिशवी शाबूत आहे ना? पन्नास वर्षांपूर्वी ती पहिल्याच आठवड्यात गेली असती.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. एमआरआयमध्ये गाठ दिसत नाही, मग औषध कुणाला द्यायचं?

तुमच्या घरी शेती आहे म्हणून हराळीचं सांगते. वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं. काशा जमिनीत राहिल्या असतील तर पहिल्या पावसाला ती परत येते आणि आधीपेक्षा दाट येते. स्कॅनचं तसंच आहे. एवढ्याशा, एका सेंटिमीटरच्या गाठीतही कोट्यवधी पेशी असतात. काही मिलिमीटरच्या आतलं काही उरलं असेल तर ते यंत्राला दिसतच नाही. शिवाय तीन केमोंमध्ये आधी मरतात त्या औषधाला बळी पडणाऱ्या पेशी. मागे राहतात त्या जास्त दमाच्या. त्यांना उसंत मिळाली की त्या वाढतात, आणि या आजाराची गाठ उलटली की तेच औषध पूर्वीसारखं लागू पडत नाही. पहिल्या वेळी जी संधी असते ती दुसऱ्या वेळी तेवढी नसते.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. युरोपातल्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३७१ मुलं होती आणि ती सगळी अशी, की नेहमीचे सगळे उपचार पुरे झालेले आणि स्कॅनमध्ये आजार दिसत नसलेला. अर्ध्या मुलांचे उपचार तिथेच थांबवले. उरलेल्या अर्ध्यांना आणखी सहा महिने हलकी औषधं दिली: व्हिनोरेलबिनची सलाइन आणि रोज तोंडानं थोडं सायक्लोफॉस्फमाइड. पाच वर्षांनी पाहिलं तर थांबवलेल्यांपैकी ७३.७ टक्के हयात होती आणि सहा महिने जास्त घेतलेल्यांपैकी ८६.५ टक्के. कितीतरी वर्षांत या आजारात अशी वाढ झाली नव्हती.

हे सासऱ्यांना शांतपणे सांगा. ज्या पोरांचं सगळं झालं होतं, अंगात काही दिसत नव्हतं, त्यांना आणखी सहा महिने औषध दिलं आणि त्यातली जास्त पोरं जगली. मग ज्याचं निम्मंही झालेलं नाही त्याचं थांबवायचं कसं? तुमच्या मुलाला शेवटी ही सहा महिन्यांची औषधं लागतील का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. अशी मोठी गाठ असलेल्या मुलांसाठीच तो अभ्यास होता.

शेकाला तुमच्या घरी ‘जाळणं’ म्हणतात. त्या शब्दानं फार नुकसान केलंय. किरणं लागताना काही होत नाही. एक्स-रे काढताना लागतं का? मूल लहान असल्यानं हलेल म्हणून त्याला रोज थोडी भूल देतात, त्यामुळे सकाळी उपाशी ठेवावं लागतं आणि तेच आयांना सगळ्यात जड जातं. आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच-साडेपाच आठवडे. कातडी लाल होईल, जुलाब लागतील, लघवीला जळजळेल. हे नंतर ओसरतं. शेक चालू असताना अॅक्टिनोमायसिन सहसा बंद ठेवतात, कारण दोन्ही एकदम दिलं तर कातडीला आणि आतड्याला फार होतं. तेव्हा ‘औषध का कमी केलं, आशा सोडली का’ असं वाटून घाबरू नका. किती तरी आया त्या आठवड्यात रडत येतात.

शेकाचे लांबचे परिणाम असतात आणि ते मी लपवणार नाही. कमरेच्या हाडांची वाढ त्या जागी थोडी कमी होऊ शकते. पिशवी लहान राहून वारंवार लघवीला जावं लागतं, काहींना रात्री कपडे ओले होण्याचा त्रास बरीच वर्षं राहतो. पुष्कळ वर्षांनी त्या भागात दुसरा कॅन्सर होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणूनच मोठेपणीही तपासणीला येत राहायचं असतं. तुमच्याच संस्थेच्या खारघरच्या केंद्रात आता प्रोटॉन किरणांचं यंत्र आहे. ती किरणं गाठीच्या पुढे फारशी जात नाहीत, म्हणून आसपासचा भाग जास्त वाचतो. प्रत्येक मुलाला त्याची गरज असते असं नाही आणि त्यासाठी उपचार लांबवणंही बरं नाही, पण आपल्या मुलाला उपयोग होईल का, हे विचारायला हरकत नाही. काही मुलांत आतून, गाठीच्या जागीच किरणं देण्याची पद्धतही वापरतात. विचारा. डॉक्टर चिडणार नाहीत.

मूल होण्याचं. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा दिला तर वीस वर्षांनी तुमचा मुलगाच मला माफ करणार नाही. सायक्लोफॉस्फमाइडचा एकूण डोस मोठा झाला की शुक्राणू तयार होणं कमी होतं किंवा थांबतं, आणि त्याला लागणारा डोस बहुधा त्या पातळीवर जाईल. ओटीपोटातल्या शेकाचाही थोडा परिणाम होऊ शकतो, मात्र शेक देताना अंडकोष शक्य तेवढे बाजूला ठेवतात, झाकतात. मोठ्या मुलांचं वीर्य आधी गोठवून ठेवता येतं; चार वर्षांच्या मुलात ते शक्य नाही. पण पुरुषी हार्मोन तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्या बहुतेक वेळा टिकतात. म्हणजे तो वयात येईल, आवाज फुटेल, मिशी येईल, लग्न करता येईल. मूल होण्याचं मोठेपणी तपासून कळेल आणि तोवर विज्ञान कुठे गेलं असेल ते तेव्हा बघू. पण आजोबांना हेही विचारा, की नातवाच्या मुलाची काळजी करायला आधी नातू लागेल ना?

ग्रहणाचं फार बोलत नाही. गरोदरपणी तुम्ही जे केलंत किंवा नाही केलंत, त्यानं हा आजार झालेला नाही. बहुतेक मुलांमध्ये तो कुठल्याही ओळखू येणाऱ्या कारणाशिवाय होतो. थोड्याच मुलांमध्ये घराण्यातून आलेला जनुकीय दोष सापडतो, म्हणून डॉक्टर आईकडची आणि वडिलांकडची दोन्ही घराणी विचारतात. कुणी लहानपणी कॅन्सरनं गेलंय का, कुणाला तरुणपणी स्तनाचा कॅन्सर झालाय का. ते विचारलं म्हणजे दोष लावला असं नाही. दीड महिना इन्फेक्शनचं औषध खाल्लं, तेही आता उगाळू नका. लघवी अडणाऱ्या शंभर पोरांमध्ये शंभरांना दुसरंच काहीतरी असतं, असं म्हणावं इतका हा आजार विरळा आहे. उलट नांदेडच्या ज्या डॉक्टरांनी गाठ बघून घाईनं ऑपरेशन न करता सरळ पुढे पाठवलं, त्यांचे मनातल्या मनात आभार माना. सुरी लावली की पसरतो म्हणून लोक बायोप्सीला घाबरतात. खरं नुकसान होतं ते साधी गाठ समजून अर्धवट कापण्यानं आणि कापलेलं तपासायला न पाठवण्यानं.

वैद्याबद्दल. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण व्हिन्क्रिस्टीन हे फार तोलून द्यायचं औषध आहे आणि दुसरं काही पोटात गेलं की त्याचा त्रास एकदम वाढू शकतो. साधी बुरशीची गोळीसुद्धा, गावच्या डॉक्टरनं दिली तरी, मुंबईत फोन करून विचारल्याशिवाय देऊ नका. त्या गोळ्यांतल्या काहींनी व्हिन्क्रिस्टीन अंगात साठतं आणि पाय लुळे पडतात. मग ज्या पुडीत काय आहे हे सांगताच येत नाही ती कशी द्यायची? व्हिन्क्रिस्टीननं शौचाला घट्ट होतं, जबडा दुखतो, मूल पाऊल आपटत चालायला लागतं. असं काही दिसलं तर सांगा, डोस बघतात.

ताप. याच्याबद्दल कडक राहा. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, विशेषतः केमो होऊन आठ-दहा दिवस झालेले असताना, तर रात्र असो, पाऊस असो, रिक्षा करून कॅज्युअल्टीत. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना जंतूला तास पुरतात. कमरेवर इंजेक्शन कुणाला देऊ द्यायचं नाही. म्हणूनच हिंगोलीला परत जाऊन मधेमधे मुंबईला येण्याचा विचार करू नका, निदान शेक संपेपर्यंत. इतक्या लांबून ताप घेऊन यायचं म्हणजे जिवाशी खेळ.

राहायचं कुठे आणि पैसा कुठला, हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण एक एकर विकायला काढलंय वाचून मला राहवलं नाही. ते थांबवा. आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा आणि त्या ताईंना सगळं मोकळेपणानं सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. लहान मुलांच्या विभागाशी जोडलेली इम्पॅक्ट नावाची संस्था आहे, ती औषधं, जेवण, राहणं, शिक्षण सगळ्याकडे बघते. तिचं काम सुरू होण्याआधी, २००९च्या सुमारास, तिथून शंभरातली वीसएक मुलं उपचार अर्ध्यावर सोडून जात असत. नंतर ते प्रमाण एक आकडी झालं. त्यासाठी कुठलं नवं औषध लागलं नाही. कुणीतरी खोली दिली, कुणी गाडीभाडं दिलं, न आलेल्या मुलाच्या घरी फोन केला. राहायला सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची घरं आहेत, २००६पासून. तिथे एका कुटुंबाला एक खोली मिळते, भाडं नाही. जागा मिळेपर्यंत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत येणाऱ्या एकाला सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातूनच घ्या.

पोराला खाऊ घाला. गोडानं कॅन्सर वाढतो म्हणून साखर बंद, आंबट बंद, अंडं बंद, असं पथ्य गावाकडून येतं आणि पोर केमोआधीच वाळतं. वजन टिकलेलं मूल केमो सोसतं, काउंट लवकर वर येतो, तारखा चुकत नाहीत. अंडं, वरणभात तुपासकट, शेंगदाण्याचा लाडू, खिचडी, घरचं ताजं दही डॉक्टर हो म्हणाले तर. बाहेरचं उघडं आणि कच्चं नको. तोंड आलं आणि खाईचना, तर नाकातून नळी घालू म्हणतील. त्या नळीला बघून लोक हाय खातात. घालू द्या. ती भरवण्यासाठी असते, शेवटची म्हणून नसते.

तुमच्या घरी मोठी मुलगी आहे का ते पत्रात नाही, पण कुणी भावंड असेल तर त्याला आजाराचं नाव सांगा. हा लागट नाही आणि तुझ्या कशानं झालेला नाही, एवढं तरी. अंधारात ठेवलेली भावंडं फार वाईट कल्पना करतात.

आणि तुमचे यजमान. फोनवर गप्प असतात म्हणता. मला वाटतं तो माणूस घाबरलेला आहे, वडिलांपुढे बोलता येत नसेल. त्यांना भांडून बोलावू नका. ‘मला एमआरआय एकटीला समजून घ्यायला जमत नाही, तुम्ही आणि मामंजी दोघं या’ असं सांगा. आजोबांना आणाच. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की घरची मोठी माणसं येणार आहेत, पंधरा मिनिटं द्या. पहिला स्कॅन आणि आत्ताचा स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवायला सांगा. डॉक्टर कागदावर रेषा काढून दाखवू शकतील, की हा आजार उलटला तर बहुतेक पहिल्या तीन वर्षांत उलटतो आणि पाच वर्षं निभावली की मग फार क्वचित. म्हणजे आजचा सत्तरचा आकडा कायम सत्तर राहत नाही. बिनउलटलेल्या प्रत्येक वर्षाला तो वर सरकत जातो.

मग त्यांना खाली, उपचार संपलेल्या मुलांची ओपीडी भरते तिथे घेऊन जा. १९९१पासून ती चालते. बरी झालेली मुलं वर्षावर्षानं तपासायला येतात. त्यांची ‘उगम’ नावाची स्वतःची संघटनाही आहे, २००९ साली उभी राहिलेली. त्यात आता नोकरी करणारे आहेत, लग्न झालेले आहेत. समाजसेवा विभागातल्या ताईंना सांगितलंत तर त्यातल्या कुणाशी तरी गाठ घालून देतील. जमलं तर मराठवाड्यातलाच कुणी. आजोबांना त्याच्याशी बोलू द्या, तुम्ही मधे पडू नका. मी शंभर गोष्टी सांगितल्या तरी मी डॉक्टर; माझं म्हणणं ते औषध विकणाऱ्याचं म्हणणं समजतील. बारक्या पोराचा मोठा झालेला पुरुष समोर उभा राहून ‘मला पण याच वयात झालं होतं, आजोबा’ म्हणाला तर ते ऐकतील.

हे चौथ्या केमोच्या आधी जमलं तर उत्तम. नाही जमलं तर केमो ठरल्या दिवशी घ्या आणि त्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा. भेटीसाठी केमो पुढे ढकलू नका. शेक संपला की पुन्हा एमआरआय होईल. तो काय आला ते मला लिहा.